कूपनबुकं आधी आणून द्या, मग हिशोब मागा

"स्टॉलचा आणि लकी ड्रॉचा हिशोब आजच ग्रुपवर टाकावा. पालकांना पारदर्शकता हवी आहे."

आमच्या सरकारी मराठी शाळेचं स्नेहसंमेलन संपून मंडपवाल्याच्या खुर्च्यासुद्धा टेम्पोत चढल्या नव्हत्या आणि पालकांच्या ग्रुपवर हा मेसेज! मी त्या वेळी शाळेच्या मागच्या नळावर पातळभाजीचं टोप घासत होते. तळाला वाटाणा करपून चिकटलेला, काथ्याने निघेना म्हणून उलथन्याने खरवडत होते. शेजारी दोघी जणी भज्यांची कढई पुसत होत्या. तिघींचे फोन एकदम वाजायला लागले. मेसेजखाली धडाधड अंगठे. त्या अंगठेवाल्यांपैकी एकानेही सकाळपासून एक कांदा चिरला नव्हता, एक टेबल उचललं नव्हतं, पाण्याचा कॅन गेटवरून आत आणला नव्हता. बरेचसे तर आपलं मूल स्टेजवरून उतरलं तसे त्याला गाडीवर बसवून घरी गेले होते.

आता मेसेज टाकणारे गृहस्थ. नाव घेत नाही, त्यांची मुलगी गुणी आहे, तिला त्रास नको. लकी ड्रॉचं एकेक बुक प्रत्येक घरी दिलं होतं. एक कूपन वीस रुपयांचं, बुकात कूपनं वीस. सगळी खपली तर चारशे रुपये. घरचे, शेजारी, कामावरचे लोक मिळून वीस कूपनं खपवणं कुणाला जड नाही. या गृहस्थांचं बुक शुक्रवारी मुलीच्या दप्तरातून परत आलं. एकोणीस कूपनं कोरी. पहिलं फाडलेलं, आणि त्याच्या उरलेल्या तुकड्यावर, जिथे घेणाऱ्याचं नाव लिहायचं तिथे, पेनाने गॅसवाल्याचा नंबर लिहिलेला. फाडलेल्या कूपनाचे वीस रुपयेसुद्धा आलेले नाहीत. आणि यांना पारदर्शकता हवी!

तरी त्यांनी बुक परत तरी केलं. निम्मी बुकं अजून लोकांच्या घरी आहेत. टीव्हीच्या वर, फ्रिजवर, कुठेतरी वीजबिलांच्या खाली. शाळेच्या बाईंनी तीनदा ग्रुपवर लिहिलं, मुलांच्या डायरीत लिहून पाठवलं, मी स्वतः वाड्यावर घरोघर फिरले. "हां वहिनी, उद्या पाठवते." हिशोब कसा लागतो हे कळतं का कुणाला? किती बुकं छापली, किती वाटली, किती विकली गेली, किती कोरी आली, हे जुळल्याशिवाय रक्कम लिहायची कुठली? आणि त्याहून वाईट प्रकार पुढेच आहे. विकलेल्या कूपनांचे तुकडे डब्यात टाकून सोडत काढायची असते. ज्यांनी चार-पाच कूपनं विकली आणि बुक घरी ठेवलं, त्यांनी त्या चार-पाच माणसांकडून पैसे घेतले आणि त्यांचे नंबर डब्यात पडूच दिले नाहीत. पहिलं बक्षीस मिक्सर होता. कुण्या आजीने नातवासाठी म्हणून वीस रुपये दिले असतील, तिचा नंबर फ्रिजवर धूळ खातोय. ही सरळसरळ फसवणूक आहे, आणि ती आम्ही केलेली नाही.

पैसे कशासाठी गोळा करतो हे इथल्या कुणाला सांगायला नको. व्हॅनसाठी. वरच्या वाड्यावरची मुलं व्हॅन आहे म्हणून आपल्या शाळेत येतात. व्हॅन थांबली की दुसऱ्या दिवशी ती इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या बसमध्ये बसतील, ती बस त्यांच्या दारासमोरून जाते. पट घसरला की दुसरी शिक्षिका जाणार, मग एकच बाई पहिली ते चौथी सांभाळणार, मग 'एकशिक्षकी शाळा' म्हणून बोटं मोडायला तेच लोक पुढे येणार, आणि शेवटी विलीनीकरणाचा कागद. गोव्यात किती सरकारी मराठी शाळा अशा बंद पडल्या ते फोंड्यापासून सत्तरीपर्यंत कुणालाही विचारा. इमारत उभी असते, अंगणात गवत वाढतं, आणि मतदानाच्या दिवशी तेवढं कुलूप उघडतं.

यावर ठरलेलं उत्तर: "सरकारी शाळा आहे, सरकारने करावं. आम्ही का द्यायचे?"

बरोबर आहे! मीही हेच म्हणते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. शाळेत पिण्याचं सुरक्षित पाणी, मुलींचं आणि मुलांचं वेगळं स्वच्छतागृह, खेळाचं मैदान, कुंपण, ग्रंथालय, हे सगळं कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, हेही लिहिलंय. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत, निम्म्या बायका असाव्यात आणि या समितीने शाळेचा विकास आराखडा करावा, तेही याच कायद्यात आहे. म्हणून तर पावसाळ्याआधी आम्ही अर्ज केला होता. मागच्या बाजूचं कुंपण पडलंय, मुलं मधल्या सुट्टीत थेट रस्त्यावर जातात, एवढाच विषय. अर्जावर सह्या हव्या होत्या. तेव्हा हेच "सरकारने करावं" म्हणणारे काय म्हणाले? "माझं नाव पुढे नको. आमदाराला राग येईल. भावाच्या नोकरीचं चाललंय." सरकारकडे मागायला सही देत नाहीत, सरकार देत नाही म्हणून आपण गोळा करायचं तर पैसे देत नाहीत, कामाला हात लावत नाहीत. मग तुमचं मूल त्या शाळेत शिकणार कशाच्या जोरावर? आमच्या?

कुंपण अजून पडलेलंच आहे. कुठल्या कार्यालयात अर्ज पडून आहे ते लिहीत नाही, पण तिथल्या टेबलावरच्या साहेबांनी मला "पीटीएचे, पालक-शिक्षक संघाचे, पैसे आहेत ना तुमच्याकडे, बांधून घ्या की" असं तोंडावर सांगितलं. भजी विकून आम्ही सरकारी शाळेचं कुंपण बांधायचं!

आणि आता विषय निघालाच आहे तर स्टेजचंही बोलते. प्रमुख पाहुण्यांना चारची वेळ दिली होती. आले सहा वाजून गेल्यावर. तोवर दुसरीच्या मुली नऊवारी नेसून, डोक्याला गजरे लावून, मागच्या खोलीत उभ्या. बसायचं नाही, चुण्या मोडतात. खायचं नाही, लिपस्टिक जाते. फुगडीच्या गटातली सगळ्यांत लहान मुलगी सेफ्टीपिन टोचते म्हणून रडायला लागली, तिला शू लागली होती आणि सांगायला लाजत होती. तिची आई स्टॉलवर गर्दीत अडकलेली. मी मुलीला घेऊन गेले, परत सगळं नेसवलं, तोवर पाहुण्यांची गाडी आली आणि माईकवरून "टाळ्यांच्या गजरात स्वागत" सुरू. मग भाषण. मातृभाषेतून शिक्षण, मराठी टिकली पाहिजे, आपली संस्कृती. यांची नातवंडं कुठल्या माध्यमात आहेत ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. २०११ साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं, तेव्हा मराठी-कोकणीसाठी रस्त्यावर उतरून घसा फोडणारी माणसं आमच्या वाड्यावरही होती. त्यांतल्या कितीजणांच्या घरासमोर आज सकाळी इंग्रजी शाळेची पिवळी बस थांबते, ते मी रोज बघते. स्वतःच्या मुलाला कुठे घालायचं हा ज्याचा त्याचा निर्णय, मला त्यावर काही म्हणायचं नाही. पण मग स्टेजवर चढून आम्हाला मराठी शिकवू नका. व्हॅनच्या खर्चाला हातभार लावा आणि खाली बसा.

पाहुण्यांनी गेल्या वर्षी दोन पंखे दिले. त्यांच्या पात्यांवर लाल रंगात 'यांच्या सौजन्याने' आणि नाव. पंखा फिरला की वाचता येत नाही म्हणून भिंतीवर वेगळी पाटी. तिचा आकार शाळेच्या नावाच्या पाटीएवढा! आणि वर्षभर व्हॅनचे पैसे भरणाऱ्या आयांचं नाव कुठे? नको आम्हाला नाव. पण स्टेजवर अध्यक्ष म्हणून पुरुष, उपाध्यक्ष म्हणून पुरुष, आभार मानायला पुरुष, आणि स्टॉलमागे झारा हातात घेतलेल्या सगळ्या बायका, ही वाटणी केली कुणी? समितीत निम्म्या बायका हव्यात असा कायदा आहे म्हणून आमची नावं कागदावर असतात. बैठक मात्र सकाळी दहाला, कामाच्या दिवशी, "बायका घरीच असतात ना" म्हणून. मी कुंडईच्या फॅक्टरीत कामाला जाते. माझी अर्धी सुट्टी कापली जाते. ज्यांना शक्य होतं ते बाप बैठकीला येत नाहीत आणि रात्री ग्रुपवर येऊन "हा निर्णय आम्हाला विचारून घेतला का?" विचारतात.

यंदा आम्ही पावणी, म्हणजे लोकांनी दिलेल्या वस्तूंचा लिलाव, ठेवली होती. देवळातल्या पावणीला एकेका नारळावर कशी बोली चढते ते आपण सगळे बघतो, म्हटलं शाळेसाठीही चढेल. लोकांनी वस्तूही छान दिल्या. कुणी सालदाटी केळ्यांचा घड, कुणी भोपळा, कुणी घरचं कोकम, एका आजोबांनी बागेतला नीरफणस स्वतः आणून दिला. बोली जोरात झाली, ते खोटं बोलणार नाही. केळ्यांच्या घडावर दोन बापांमध्ये अशी चुरस लागली की घड सातशेला गेला. माईकवरून नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. घड गाडीवर बांधून नेला. पैसे? "वहिनी, आता सुट्टे नाहीत, उद्या देतो." भोपळ्याचंही तेच, कोकमाचंही तेच. देवाच्या पावणीचे पैसे बुडवायची कुणाची छाती होत नाही. शाळेचे बुडवताना डोळ्यांची पापणी लवत नाही. गुगल पेचा स्कॅनर मी स्वतः टेबलावर चिकटवून ठेवला होता, सुट्ट्यांचा प्रश्नच येत नव्हता.

आणि यांच्यासमोर मला ती बाई आठवते. नवरा-बायको दोघंही कर्नाटकातून आलेले, बांधकामावर रोजंदारीने जातात, खोली भाड्याची. मुलगा पहिलीत आहे, घरी कन्नड बोलतो आणि शाळेत आमच्या मुलांइतकंच मराठी वाचतो. तिला कूपनवरचं लिहिलेलं वाचता येत नाही. तिने बुधवारच्या बाजाराच्या गर्दीत उभं राहून पूर्ण बुक विकलं. प्रत्येक तुकड्यावर घेणाऱ्याकडूनच नाव-नंबर लिहून घेतला, चारशे रुपये रुमालात बांधून शाळेच्या बाईंच्या हातात दिले आणि दुसरं बुक आहे का म्हणून विचारलं. रविवारी सकाळी सातला ती शाळेत हजर होती. तिच्याकडे बघून आमच्यातल्याच एकीने मला हळूच सांगितलं, "तिला पैशांच्या टेबलावर नको गं बसवू." माझं डोकं असं फिरलं की मी तिथल्या तिथे गल्ल्याची पेटी त्या बाईच्या मांडीवर ठेवली. संध्याकाळी पेटीतले पैसे आणि टोकनं रुपयाला रुपया जुळली.

गॅसवाल्याचा नंबर लिहिणाऱ्यांना हे माहीत नसेल, म्हणून इथे लिहिलं.

तर आता ऐका. स्टॉलचा हिशोब तयार आहे. पोदेराकडून आणलेल्या पावापासून तेलाच्या डब्यापर्यंत प्रत्येक वस्तूची पावती वहीत टाचलेली आहे, वही बाईंच्या टेबलावर आहे, ज्याला बघायची त्याने शाळेच्या वेळेत येऊन बघावी. फोटो काढून ग्रुपवर टाकणार नाही. ज्याला हिशोबाची एवढी काळजी आहे त्याने शाळेपर्यंत चालत यावं, त्या निमित्ताने पडलेलं कुंपणही बघून होईल. लकी ड्रॉचा हिशोब शेवटचं बुक परत येईपर्यंत लागणार नाही, आणि कुणाकुणाकडे बुकं राहिलीत ती यादी मी नावानिशी शाळेच्या फळ्यावर लावणार आहे. बाई नको म्हणताहेत, मुलांना वाईट वाटेल म्हणून. ठीक आहे, मुलांची नाही, बापांची नावं लावते.

पुढच्या बैठकीत माझा ठराव असा: कामाच्या पाळ्या पटावरच्या क्रमाने लावायच्या, आईची आणि बापाची आलटून पालटून. बापाच्या पाळीला आईला पाठवलं तर ती पाळी धरायची नाही. भांडी घासायची पाळीसुद्धा त्यातच. बैठक रविवारी संध्याकाळी. ज्याला मान्य नाही त्याने समोर येऊन सांगावं, ग्रुपवर नाही.

व्हॅनवाला भला माणूस आहे, दोन महिने थांबलाय. शनिवारपर्यंत त्याचे पैसे द्यायचे आहेत. केळ्यांचा घड, भोपळा आणि कोकम ज्यांच्या घरी गेलं त्यांनी शुक्रवारच्या आत पैसे आणून द्यावेत. नाही दिले तर मी त्यांच्या दारात येऊन मागेन, आणि एकटी येणार नाही.