मामा, ते भेकड नव्हते

सकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामांचा फॉरवर्ड आला. ‘तीन लाखांची अफगाण फौज तालिबानसमोर गोळी न झाडता पळाली, भेकड लेकाचे.’ त्याखाली आपल्याच माणसांचे सात-आठ अंगठे. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

२०२१ मध्ये आमच्या कोंढव्याच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक अफगाण मुलगा भाड्याने राहायचा. कॉलेजात शिकत होता. त्याचा थोरला भाऊ कंदाहारला हवाई दलात मेकॅनिक. रशियन एमआय-१७ हेलिकॉप्टरचं काम त्याच्या हातात बसलेलं. मग २०१७ पासून अमेरिकेने आपली ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं द्यायला सुरुवात केली. यंत्र नवं, पुस्तकं इंग्रजीत आणि दुरुस्तीला परदेशी कंत्राटदार. ‘माझा भाऊ आता त्यांच्यामागे बॅटरी धरून उभा राहतो,’ असं तो मला सांगत होता.

बॅटरी धरून! इतकी वर्षं हात काळे केलेला माणूस!

हे ठरवताना त्या भावाला कुणी विचारलं होतं का? २००२ मध्ये ठरलं, सत्तर हजारांची फौज पुरे. पुढे आकडा साडेतीन लाखांवर नेला. अमेरिकन सल्लागार यायचे, जेमतेम ओळखी होईपर्यंत सहा महिने-वर्षात परत जायचे, की पुन्हा नवे. वीस इटालियन मालवाहू विमानं घेतली, सगळा खर्च ५४.९ कोटी डॉलर. त्यातली सोळा काबूलमध्येच भंगारात गेली. जेमतेम दोन टक्के जंगल असलेल्या देशाच्या सैनिकांना जंगली नक्षीचे गणवेश दिले. देणाऱ्याला सोयीचं ते द्यायचं आणि कोसळलं की घेणाऱ्याला नालायक ठरवायचं.

हो, चोऱ्या झाल्या. कागदावरच्या सैनिकांचे पगार खाणारे अधिकारी त्यांचेच होते. रशियावरच्या निर्बंधांमुळे एमआय-१७चे सुटे भाग मिळवणं अवघड झालं होतं, हेही खरं. पण म्हणून हाताशी असलेलं कसब मातीत घालायचं?

आपणही फार वेगळे नाही. मालदीवला आपण दोन हेलिकॉप्टर आणि एक डॉर्नियर विमान दिलं. २०२४ मध्ये आपले जवान परतले, तेव्हा मालदीवच्या संरक्षणमंत्र्यांनीच सांगितलं की ती चालवू शकतील असे वैमानिक आमच्या सैन्यात नाहीत.

आणि भेकड? तेव्हाचे अफगाण अध्यक्ष अश्रफ घनींनी जानेवारी २०१९ मध्ये जाहीर सांगितलं होतं, २०१४ पासून ४५ हजार अफगाण जवान आणि पोलीस मारले गेले. पंचेचाळीस हजार, मामा. इथे खडकवासल्याला एनडीएत आपल्या पोरांबरोबर शिकून गेलेले अफगाण अधिकारीही त्याच फौजेत होते.

अमेरिका आणि तालिबानमधला दोहाचा करार २९ फेब्रुवारी २०२० चा. त्यात सैनिकांबरोबर कंत्राटदारही काढून घ्यायचं ठरलं. त्या कराराला अफगाण सरकार पक्षकारच नव्हतं. कंत्राटदार गेले आणि ब्लॅक हॉक उडतं ठेवणारे हातच गेले. त्या भावाच्या हातात फक्त बॅटरी राहिली.

१५ ऑगस्टला सकाळी आम्ही झेंडावंदन केलं. संध्याकाळी काबूल पडल्याच्या बातम्या सुरू होत्या आणि तो मुलगा जिन्यात बसून भावाला फोन लावत होता. लागत नव्हता. आईने ताट नेऊन दिलं, शेजारी बसली. दोघांना एकमेकांचं हिंदी धड कळायचं नाही. ती नुसती पाठीवरून हात फिरवत होती. रात्री उशिरा गेले, तर ताट तसंच होतं आणि आई अजून तिथेच.

मामा, तुम्ही मोठे आहात, तुमचा मान आहेच. पण तो मेसेज ग्रुपवरून काढा. आई वाचते तो ग्रुप.