बोडोलाचं उदाहरण देताना

भारताचा फुटबॉल संघ हरला की मराठी गटांवर ठरलेली मागणी सुरू होते: परदेशात वाढलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना घ्या, ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते कार्ड) खेळू द्या. पुरावा युरोपचा. तिकडे म्हणे कोणीही कुठल्याही देशाकडून खेळतं. इथे हंगेरीत या पुराव्याची मुळं फार जवळ सापडतात, आणि त्यातलं सगळ्यात चांगलं मूळ म्हणजे दोन देशांकडून खेळलेला फुटबॉलपटू इयुलिउ बोडोला.

जन्म 1912, ब्राशोव. तेव्हा ते गाव हंगेरीच्या राज्यात होतं, पहिल्या महायुद्धानंतर रोमानियात गेलं. बोडोला रोमानियातल्याच ओरादिया गावच्या सीए ओरादिया क्लबात मोठा झाला, 1937 मध्ये बुखारेस्टच्या व्हीनसकडे गेला आणि 1939 व 1940 अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवली. रोमानियाकडून 48 सामने, 30 गोल. गोलांचा हा विक्रम 1997 पर्यंत टिकला. मोडला तो थेट रोमानियाच्याच गेओर्गे हाजीने.

30 ऑगस्ट 1940 ला व्हिएन्नात जर्मनी आणि इटलीने नकाशावर रेघ ओढली आणि रोमानियाचा उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया, ओरादियासकट, हंगेरीला दिला. बोडोला बुखारेस्ट सोडून ओरादियाला परतला. गावाचं नाव आता नॉजवाराद, त्याचं ग्युला, तेही आडनाव आधी लावून: बोडोला ग्युला. हंगेरीकडून तो 13 सामने खेळला. त्याच ओरादियात जन्मलेला बराटकी मात्र उलट्या वाटेने गेला: आधी हंगेरीकडून, मग रोमानियाकडून, आणि 1940 नंतरही बुखारेस्टच्या रॅपिडमध्येच राहिला. दोघांपैकी देशद्रोही कोण, हे ठरवायला बसलात तर रात्र सरेल.

पण माझ्या लेखी खरी गोष्ट खेळाडूची नाही, क्लबची आहे. 1943-44 मध्ये हाच ओरादियाचा क्लब हंगेरीचा विजेता झाला. राजधानीबाहेरच्या क्लबाने ही स्पर्धा जिंकण्याची ती पहिली वेळ. प्रशिक्षक होता फेरेंत्स रोनाई, म्हणजे 1922 मध्ये बेलग्रेडला रोमानियाच्या पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात पेनल्टीवर पहिला गोल करणारा माणूस! पुढे सीमा परत सरकली आणि 1949 मध्ये क्लब नव्या नावाने रोमानियाचा विजेता ठरला. फ्रान्सिस्क स्पीलमन दोन्ही संघांत होता. बोडोला तोवर बुडापेस्टच्या एमटीकेकडे गेला होता.

हे सगळं गोड करून सांगू नये. 1944 च्या त्याच मे-जूनमध्ये ओरादियाच्या घेटोतून (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतून) हजारो ज्यू आगगाड्यांत कोंबून आउश्वित्झला पाठवले गेले. बुडापेस्ट सोडलं तर हंगेरीतला तो सगळ्यात मोठा घेटो होता.

आता आपल्याकडे. बोडोलाने देश बदलला तेव्हा फिफाचा अडसर नव्हता. आज आहे: मुख्य संघाकडून, मैत्रीचे धरून, जास्तीत जास्त तीन सामने, शेवटचा अधिकृत सामना वयाच्या 21 वर्षांआधीचा, त्यानंतर तीन वर्षांचं अंतर, आणि विश्वचषकाच्या किंवा खंडाच्या मुख्य स्पर्धेत पाऊल टाकलेलं नसणं. सरकारनेच नागरिकत्व काढून घेतलं तर वेगळी वाट आहे, एरवी 48 सामने खेळलेला बोडोला दारातच अडकला असता. भारतात त्याआधीची अडचण पासपोर्टची. 2008 पासून फक्त भारतीय पासपोर्टधारकच देशाकडून खेळू शकतो. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. नागरिकत्व कायद्याच्या कलम 5 प्रमाणे ओसीआयधारकाला पाच वर्षं कार्ड आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य लागतं; आईवडिलांपैकी कोणी स्वतंत्र भारताचा नागरिक असेल तर कार्डाची अट टळते, बारा महिने टळत नाहीत. शेवटी जुना पासपोर्ट सोडावा लागतो.

गोम इथेच आहे. बावीस वर्षांचा, युरोपात दुसऱ्या श्रेणीत खेळणारा मुलगा युरोपीय पासपोर्ट सोडला की इथे युरोपात परदेशी ठरतो. क्लब त्याच्यासाठी परवान्याची खटपट का करेल? म्हणून येतात ते तिशीतले. अराता इझुमी 2013 मध्ये भारताकडून खेळला तेव्हा तीस वर्षांचा होता. आईकडून मुंबईशी नातं असलेल्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला 2025 मध्ये, वयाच्या बत्तिशीत. दुहेरी नागरिकत्व दिलं तर वय कमी होईल, हे मान्य. मी त्या बाजूचाच आहे. पण दोन-तीन खेळाडूंपलीकडे त्याने काय साधेल, याबद्दल मला शंका आहे.

इझुमी महाराष्ट्रात ज्या क्लबांकडून खेळला, त्यातले दोन बघा. महिंद्रा युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये संघ बंद केला. पुणे एफसीचा संघ 2015 मध्ये गेला. सीमा तर जागच्या जागी होती, क्लबच गेले.

सीए ओरादियालाही 1963 मध्ये कुलूप लागलं होतं. 2017 मध्ये तिथल्या लोकांनी तो क्लब खालच्या श्रेणीतून परत उभा केला, जुन्याच हिरव्या-पांढऱ्या रंगात. गावातल्या स्टेडियमचं नाव इयुलिउ बोडोला. 1 जानेवारी 2025 पासून बुडापेस्टहून तिथे जाताना सीमेवर पासपोर्टची नेहमीची तपासणी होत नाही.