उजवा गुडघा

“काकू, एक मिनिट बॅग धरता का?”

2025 च्या फेब्रुवारीत एका शुक्रवारी सकाळी नागपूरच्या वर्धा रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलच्या फाटकासमोर एका पोरीनं मला हे विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता बॅग माझ्या खांद्याला अडकवून ती पळाली. सत्तावीस वर्षं शिकवण्यात गेली की हात आपोआप पुढे होतो, तो दोष माझाच. एकीची धरली म्हणून दुसरीची आली, मग तिच्या मित्राचं हेल्मेट, मग मित्राच्या मित्राचा डबा. दहा मिनिटांत माझ्या अंगावर नऊ बॅगा आणि दोन हेल्मेटं होती. मी तिथं विराट कोहलीला पाहायला आले होते.

वय 51, विषय गणित, वर्ग नववी-दहावी, आणि विराटची चाहती. हे एका दमात सांगितलं की लोक हसतात. आमच्या गल्लीतले एक काका 63 वर्षांचे आहेत. ते गालावर तिरंगा रंगवून जामठ्याच्या स्टेडियमला जातात आणि कॉलनी त्यांना कौतुकानं ‘क्रिकेटवेडे’ म्हणते. मी नुसती निळी टोपी घातली तर तीच कॉलनी विचारते, “मुलगा खेळतो का तुमचा?” मला मुलगीच आहे, आणि तिला क्रिकेटचा राग आहे.

हे वेड लागलं त्याची तारीखही माझ्याकडे आहे. 30 ऑक्टोबर 2013, जामठा. ऑस्ट्रेलियानं 350 केल्या होत्या आणि आमचे हे आपला डाव सुरू व्हायच्या आधीच “निघू, ट्रॅफिक होईल” म्हणत होते. (हा माणूस लग्नाच्या पंगतीतून ट्रॅफिकच्या धाकानं मठ्ठ्यावर उठतो.) मी उठले नाही. विराटनं 66 चेंडूंत नाबाद 115 केल्या, तीन चेंडू राखून आपण जिंकलो आणि ट्रॅफिकमध्ये आम्ही दोन तास अडकलो. ते दोन तास मला आजही ऐकवले जातात.

त्यानंतर 2017 मध्ये श्रीलंकेविरुद्ध 213. तो रविवार होता, पाहिलं. 2019 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध 116. तेव्हा दहावीची परीक्षा सुरू होती आणि मी पर्यवेक्षणाला. त्याआधी 2012 चं इंग्लंडविरुद्धचं 103 धरलं तर जामठ्यावरच्या या चार शतकांची बेरीज 547 होते. ही बेरीज मी फळ्याच्या कोपऱ्यात एकदा केली होती, पोरांना वाटलं गृहपाठ आहे. दोघांनी उतरवून घेतली.

भेटायचा प्रयत्न याआधीही झाला. 2017 मध्ये विमानतळावर अडीच तास उभी राहिले आणि ज्या दाराकडे डोळे लावले होते ते मालवाहतुकीचं निघालं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

2025 मध्ये 6 फेब्रुवारीला इंग्लंडविरुद्धचा वनडे होता. मेट्रोनं खापरी, पुढे ऑटोवाल्याशी भांडण, मग पायपीट. दीडचा सामना, एकला नाणेफेक. तिथं रोहितनं सांगितलं की काल रात्री विराटचा गुडघा दुखावला, तो खेळत नाही. स्टेडियमभर एकच ‘अऽरे’ उमटला. रात्री सिनेमा बघत बसलेल्या श्रेयस अय्यरला ऐनवेळी तयार राहायला सांगितलं गेलं आणि त्यानं 36 चेंडूंत 59 ठोकल्या. गिलच्या 87, चार गडी राखून विजय. सगळं झकास झालं. मी घरी येऊन कुकर लावला आणि तिसऱ्या शिट्टीला ठरवलं की जामठ्याला नाही तर नाही, हॉटेलवर भेटू. बस सकाळी निघणार असं पोरांच्या ग्रुपवर आलंच होतं.

शाळेला रजेचा अर्ज पाठवला. कारण लिहिलं, गुडघेदुखी. दुसरं काही सुचेचना.

सोबत बारा संत्री घेतली. बर्फी घेणार होते, पण तो फिटनेसवाला माणूस. मृग बहाराची संत्री बाजारात नुकती येत होती, एकेक हातात घेऊन पारखली. ॲक्टिव्हाच्या डिकीत ठेवून साडेआठला पोचले. तिथं दीडशे पोरं, दहा-बारा पोलीस आणि फाटकाशी एक सिक्युरिटी गार्ड. त्यानं मला पाहिलं आणि फार अदबीनं म्हणाला, “मॅडम, पालकांनी त्या बाजूला उभं राहायचं.”

त्या बाजूला म्हणजे कडुनिंबाखाली. तिथं आणखी एकच ‘पालक’ होता.

पायजमा, हाफ स्वेटर, कानाला मफलर, हातात कापडी पिशवी. त्यांनी मला खालून वर पाहिलं. खालून म्हणजे खरंच खालून, पायांपासून.

“बाई, तो गुडघ्यावाला इथीच उतरला न?”

“कोण?”

“टीव्हीवर सांगून राहिले होते न काल. गुडघा सुजला म्हणे, खेळत नाई. कोली.”

“कोहली,” मी म्हटलं.

“हाव, तोच. कोन्ता गुडघा?”

“उजवा.” दीडशे पोरांत हे उत्तर माझ्याइतकं पटकन कुणी दिलं नसतं.

बाबांनी डोळे मिटले. “उजवा असन तं वात आहे. डावा असता तं मार लागला म्हटलं असतं.”

हे कोणत्या शास्त्रात बसतं ते मी विचारलं नाही. नववीच्या पेपरात कुणी असं लिहिलं असतं तर ‘कारण द्या’ असा शेरा मारला असता. पण ते इतक्या ठामपणे बोलले की मला विराटची काळजीच वाटायला लागली.

त्यांनी स्वेटरच्या आतून बाटली काढली. पव्वा होता. लेबल खरवडलेलं, पण पुरतं नाही, झाकणावर प्लास्टिकची पिशवी आणि तिला रबर. आत काळपट हिरवं तेल, तळाशी लसणाच्या चार पाकळ्या.

“तिळाचं तेल, निर्गुडीचा पाला, रुईचं पान, ओवा, लसून. अन् एक वस्तू सांगत नाई मी कोनाले. सात दिवस चोळलं का पोट्टा पळते.”

“कुठून आलात बाबा?”

“उमरेडून. पहिल्या एसटीनं गणेशपेठ, तिथून ते शहरातली ‘आपली बस’.” मग अभिमानानं, “पंचाहत्तरच्या वर एसटी फुकट आहे न. मले अठ्ठ्याहत्तर चालू आहे. पैसे लागले असते तं कोन आलं असतं बाप्पा?”

“क्रिकेट आवडतं तुम्हाला?”

“छे. मी क्रिकेट नाई पाहात. मी गुडघे पाह्यतो.”

आणि ते खरोखर पाहत होते. समोरच्या गर्दीकडे बोट करून एकेकाचं भविष्य सांगायला लागले. तो लाल टीशर्टवाला पाय फेकून चालते, चाळिशीत येईन माह्याकडे. ती पोरगी उंच टाचेची चप्पल घालून राहिली, तिची माय आधी येईन, मग ते. तो पोलीस पाहा, वजन पाहा त्याचं, त्याचे दोन्ही गेले समजा. मला त्या गर्दीत पहिल्यांदाच चेहरे दिसेनासे झाले, नुसते सांधे दिसायला लागले.

मध्येच ते माझ्याकडे वळले. “तुमचा डावा गेला आहे बाई.”

“माझा? छे हो.”

“मंग काहून सगळं वजन उजव्यावर टाकून उभ्या आहा?”

मी खाली पाहिलं. होते. सत्तावीस वर्षं फळ्यासमोर अशीच उभी राहत आले असणार. अर्जात कोणता गुडघा ते लिहिलं नव्हतं, एवढं बरं झालं.

तेवढ्यात ती पहिली बॅगवाली पोरगी आली आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे. बाबांच्या हाती मात्र कुणी काही दिलं नाही. ते मोकळ्या हातानं माझ्या पिशवीतली संत्री सोलत होते. “मृगाची आहे न? गोड आहे.” सालं नीट घडी करून स्वेटरच्या खिशात, उटण्यासाठी. बारातून तीन गेली, मग पाच. माझे दोन्ही हात अडकलेले, नाही तर मीच पिशवी बंद केली असती.

साडेनऊला गार्डला तो पव्वा दिसला.

“ओ बाबा, दारू घेऊन इथं उभं राहायचं नाही.”

“उघडून पाह्य न बे.”

गार्डनं झाकण काढून नाक लावलं आणि दोनदा शिंकला. डोळे पुसत हळूच विचारलं, “कशाचं आहे?”

“गुडघ्याचं.”

मग जे झालं ते मी दोन हेल्मेटांच्या मधल्या फटीतून पाहिलं. गार्डनं आजूबाजूला पाहिलं, आवाज उतरवला. “माझी बारा तासांची ड्यूटी आहे बाबा. उभ्यानंच. रात्री जिना चढत नाही मला.”

“कोन्ता?”

“दोन्ही.”

“पँट वर कर.”

“इथं नाही, केबिनमध्ये चला.”

आणि फाटक उघडलं. ज्या फाटकासाठी मी 2013 पासून झुरत होते, ते पव्वा घेतलेल्या, क्रिकेट न पाहणाऱ्या, फुकट एसटीनं आलेल्या माणसासाठी कुरकुर न करता उघडलं. मी ओरडले, “मी यांच्याबरोबरच आहे!”

“मॅडम,” गार्ड आतून म्हणाला, “पालकांनी त्या बाजूला.”

दहाच्या सुमारास एकदम गलका झाला. शिट्ट्या, पोलिसांची जीप, मागे बस. दीडशे मोबाईल वर गेले. माझा पर्समध्ये आणि पर्स चौथ्या बॅगेच्या खाली. मी हात वर करायला गेले तर एक हेल्मेट गडगडत रस्त्यावर गेलं आणि कुणाच्या तरी लेकराची वस्तू म्हणून मी ते उचलायला वाकले. मान वर केली तेव्हा बस नेमकी समोरून जात होती. काळ्या काचेत मला नऊ बॅगा लटकलेली एक बाई अगदी स्पष्ट दिसली.

पोरं परत आली. घामेजलेली, खूश. “काकू, थँक्यू हं!” करत एकेकानं आपली बॅग नेली. त्या पहिल्या पोरीनं जाता जाता विचारलं, “काकू, तुम्ही कोणासाठी आल्या होत्या?”

“विराटसाठी.”

“सो क्यूट!” ती म्हणाली आणि माझा गाल धरायचाच काय तो तिनं बाकी ठेवला.

हे क्यूट मला अजून झोंबतं आहे. तिच्या वडिलांना कुणी क्यूट म्हणत नसणार. मी काय मांजर आहे? गेल्या बारा वर्षांत मी या माणसाच्या खेळाचा जेवढा विचार केला तेवढा पोरांनो तुम्ही बीजगणिताचा सोडा, कशाचाच केला नसेल. डावाच्या सुरुवातीला ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूकडे त्याची बॅट जाते तेव्हा माझ्या घशात घास अडकतो. पण बाई पन्नाशीची झाली की तिनं देवळाच्या रांगेत उभं राहावं, भाजीच्या, गॅसच्या, शाळेत लेकराच्या ॲडमिशनच्या. तिथं कुणी ‘पालकांनी त्या बाजूला’ म्हणत नाही. नुसतं आवडतं म्हणून एखाद्या फाटकासमोर उभी राहिली की ती कुणाची तरी आई असते, कुणाच्या तरी बॅगेसाठी आलेली असते. आणि घरीही वेगळं काही नाही. सकाळी निघताना ह्यांनी विचारलं होतं, “डबा कोण करणार?”

असो. बाबा केबिनमधून बाहेर आले. मागून गार्ड, एक पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चेहरा नव्या नवरदेवासारखा.

“दिलं का तेल त्याला?” मी विचारलं.

“कोनाले?”

“विराटला! ज्याच्यासाठी आलात!”

“हाव, ते. एक पोट्टा आला होता न दारापाशी. म्हणे काकाजी क्या है. म्हटलं तेल है, घुटने का. हसला. म्हणे नही चाहिये, हात जोडले अन् गेला.”

माझा जीव वर आला. बॅगा गेल्या होत्या, मोबाईल काढला, फोटो मोठा केला. “हा होता?”

बाबांनी मोबाईल लांब धरला, जवळ धरला, चष्मा वर केला. “दाढी होती.”

“हीच दाढी?”

“बाई, आतमंदी सगळ्याईलेच दाढ्या आहे.”

“उंची? टॅटू? हातावर टॅटू होते का?”

“हात नाई पाहिले मी.” मग जरा विचार करून, “चालत मात्र नीट होता. उजव्याचं काही नव्हतं त्याच्या.”

गार्डलाही विचारलं. तो खुर्चीत डोळे मिटून बसला होता, त्याला काही दिसलं नव्हतं. दहा पावलांवर, बहुधा, कदाचित, विराट कोहली हात जोडून गेला होता, आणि साक्षीला होता एक डोळे मिटलेला गार्ड आणि एक गुडघेतज्ज्ञ.

उरलेला अर्धा पव्वा बाबांनी मला दिला. पैसे घेतले नाहीत, “संत्री झाली न” म्हणाले. शेवटचं संत्र मात्र उमरेडच्या वाटेसाठी नेलं.

सोमवारी शाळेत लंगडावं लागलंच नाही. तेलाचा वास इतका होता की मुख्याध्यापिकांनी लांबूनच विचारलं, “फार दुखतंय का हो?” आणि खरं सांगायचं तर दुखत होता. डावा. शुक्रवारच्या आधी कधी दुखल्याचं आठवत नाही.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, कटकचा सामना लागला. विराट खेळला. आमचे हे म्हणाले, “बघ, आला तुझा.” तो मैदानात उतरला तेव्हापासून मी बॅटकडे पाहिलंच नाही. उजवा पाय कसा टाकतो, वळताना थांबतो का, वजन कुठं आहे, एवढंच पाहत होते. गुडघा उत्तम होता. पाच धावांवर तो आदिल रशीदच्या चेंडूवर झेल देऊन बाद झाला, तेही मला ह्यांनी ओरडून सांगितलं तेव्हा कळलं.