तुजो मंत्री कोण?

जाहिरात एजन्सीतली नोकरी बदलायची म्हणून पणजीत पाटोवरच्या एका कंपनीत परवा मुलाखतीला गेले होते. एचआरबाईंनी माझा बायोडेटा दोन बोटांत धरला आणि म्हणाल्या, "ग्रुप अकाउंट डायरेक्टर? या वयात? आमच्याकडे मॅनेजर व्हायलाच आठ वर्षं लागतात." (आमच्या धंद्यात अकाउंट म्हणजे क्लायंट, हिशेब नव्हे.) असिस्टंट मॅनेजर चालेल का, असंही वर विचारलं. राग आलाच, पण खरी उलटतपासणी त्याआधी बाहेरच्या बाकावर झाली होती.

शेजारी पुतण्याला घेऊन आलेले एक काका बसले होते. सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. पुतण्याची सगळी प्रमाणपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी मांडीवर. माझ्या फाइलीत त्यांनी कधी डोकावलं ते कळलंच नाही.

"कितें गो बाय, चार वर्सांनी चार प्रमोशनां?"

मी मान हलवली.

आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तुजो मंत्री कोण?"

मंत्री नाही, जाहिरात एजन्सी आहे, असं सांगितल्यावर त्यांना माझी कीव आली. मग त्यांनी स्वतःची वाटचाल ऐकवली. एलडीसीचे यूडीसी, म्हणजे कनिष्ठ कारकुनाचे वरिष्ठ कारकून, व्हायलाच उमर गेली. आधी ज्येष्ठता यादी, मग गोपनीय अहवाल, मग समिती बसणार, आणि एवढं सगळं होऊनही जागा रिकामी हवी. "वयलो गेल्याबगर सकयलो चडना," म्हणजे वरचा गेल्याशिवाय खालचा चढत नाही, असं म्हणून त्यांनी बोट छताकडे केलं. वरचा निवृत्त होऊन गेला की आणखी कुठे, ते विचारायचा धीर मला झाला नाही.

"डायरेक्टर म्हणजे कसली? शिक्षण खात्याला डायरेक्टर असतो. पंचायत खात्याला असतो. त्याला गाडी असते, दाराशी शिपाई असतो. तुला शिपाई आहे?"

"नाही."

"हाताखाली किती?"

"दोघं. त्यातला एक इंटर्न."

काकांनी पुतण्याकडे पाहिलं. या मुलीच्या वाटेने जाऊ नकोस, एवढाच अर्थ त्या नजरेत होता.

त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. एजन्सीत पद हा पगाराचाच एक प्रकार आहे, फक्त तो बँकेत जमा होत नाही. क्लायंटला तासाचा दर पदानुसार लागतो. "आमच्या कामावर कुणी सीनियर द्या," असं क्लायंट म्हणाला की नवा माणूस घेण्यापेक्षा आहे त्यालाच सीनियर म्हणणं स्वस्त. त्यातून क्लायंटचे पैसे तीन-तीन महिने येत नाहीत, म्हणजे पगारवाढ लांबते. मग केक कापला जातो. एक्झिक्युटिव्हचा सीनियर एक्झिक्युटिव्ह, मग मॅनेजर, मग डायरेक्टर. काम तेच: रात्री अकरा वाजता क्लायंटचा लोगो मोठा करून देणे.

नोकरी बदलताना म्हणून पद खाली आणि काम वर लिहावं. महिन्याचा रिटेनर, म्हणजे क्लायंटची ठरलेली फी, किती सांभाळला, मीडियाचं बजेट किती फिरवलं, कुठल्या क्लायंटने करार वाढवला, पिचमध्ये, म्हणजे नवा क्लायंट मिळवायच्या सादरीकरणात, स्वतः काय केलं. हे आकडे राजीनाम्याआधीच टिपून ठेवायचे, कारण शेवटच्या दिवशी मेल बंद होतो. क्लायंटच्या फाइली मात्र उचलायच्या नाहीत. गोपनीयतेच्या करारावर आपलीच सही असते.

हातात लेखी ऑफर आल्याशिवाय राजीनामा नको. ऑफरमधला वर्षाचा मोठा आकडा बघून हुरळायचं नाही. त्यात ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे) मूळ पगाराच्या ४.८१ टक्के धरलेले असतात आणि ती सहसा सलग ५ वर्षं काढल्यावरच मिळते. एजन्सीत ५ वर्षं कोण काढतं? 'व्हेरिएबल', म्हणजे कामगिरी बघून द्यायचा पगाराचा भाग, असेल तर गेल्या वर्षी लोकांच्या हातात प्रत्यक्षात किती पडलं ते विचारावं. उत्तर येईपर्यंत जी शांतता पसरते तीच पुरेशी बोलकी असते. पीएफ काढू नये, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) नव्या कंपनीत वळवावा. सलग सेवा ५ वर्षांच्या आत असताना काढला तर सहसा कर लागतो. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली नाही, तर पीएफ अडकू शकतो. आधीच्या पगाराचा हिशेब नव्या कंपनीला दिला नाही, तर दोन्हीकडे सवलती धरल्या जातात आणि विवरणपत्र भरताना एकदम कर भरायची वेळ येते.

आणि गोव्यात वेगळाच भुर्दंड. मुंबईचा पगार मागितला की समोरचा हसून म्हणतो, "पण इथे समुद्र आहे ना!" मी डिचोलीची. घरून समुद्र दिसत नाही, पगारातून मात्र तो कापला जातो. त्याच समुद्राच्या जाहिराती दिल्लीकरांसाठी आम्हीच लिहायच्या, आणि मग पणजीशेजारच्या पर्वरीत आम्हालाच भाड्याची खोली परवडत नाही.

सगळ्यात मोठी खोच पडताळणीत आहे. नवी कंपनी जुन्या कंपनीला पद विचारते, आणि बायोडेटातलं पद जुळलं नाही तर लबाड आपण ठरतो. म्हणून प्रत्येक बढतीचं पत्र त्याच आठवड्यात, तारखेसह मागून घ्यावं. काकांच्या खात्यात बढतीला वर्षं लागत असतील, पण आदेश कागदावर निघतो आणि त्याच्या प्रती चार ठिकाणी जातात. आमच्याकडे बढती व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाळ्यांच्या इमोजींत होते. काल जुन्या एचआरकडे चारही पत्रं मागितली. उत्तर आलं, "सिस्टममध्ये तुम्ही अजून सीनियर अकाउंट एक्झिक्युटिव्हच दिसताय. केकचे फोटो चालतील का?"