मशीनमध्ये भरलेल्या पैशाला वाली कोण?

एटीएममधून पैसे काढताना खात्यातून रक्कम गेली पण नोटा बाहेर आल्या नाहीत, तर काय करायचं हे रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलंय. २० सप्टेंबर २०१९चं परिपत्रक आहे. व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत बँकेने ती रक्कम खात्यात परत टाकायची, आणि उशीर झाला तर रोज १०० रुपये भरपाई द्यायची, तीही ग्राहकाने मागायची वाट न बघता. त्याच परिपत्रकाच्या तक्त्यात यूपीआय आहे, आयएमपीएस म्हणजे खात्यातून खात्यात लगेच पैसे पाठवायची सोय आहे, दुकानातलं कार्डाचं मशीन आहे, आधारवरचे व्यवहार आहेत. पण आपण बँकेच्या पैसे भरायच्या मशीनमध्ये रोकड भरली, मशीनने ती गिळली आणि खात्यात जमाच झाली नाही, याची ओळ त्या तक्त्यात नाही.

ती ओळ हवी. त्यासाठीच ही पोस्ट लिहितेय.

आमचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान बँकेच्या शाखेला लागून आहे. मशीन अडलं की माणूस पहिल्यांदा आमच्याकडे येतो. "ताई, पैसे घेतले पण पावती नाही आली हो." गावोगावच्या शाखांमध्ये आता लहान रकमेचा भरणा काउंटरवर नको, बाहेर मशीनमध्ये भरा, असं सांगतात. माझा मशीनला विरोध नाही. मी स्वतः रात्री गल्ला मोजून तिथेच भरते. दुकान उघडं टाकून दुपारी रांगेत उभं राहणं मला परवडत नाही. सुट्टीच्या दिवशी घरात रोकड ठेवायची भीतीही त्या मशीनमुळे गेली.

पण कॅशियरसमोर भरणा करताना काय होतं ते आठवा. तो आपल्या डोळ्यांदेखत नोटा मोजतो. स्लिपवर पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभरच्या किती ते आपण लिहिलेलं असतं. एखादी नोट कमी भरली तर तिथल्या तिथे सांगतो. मग काउंटरफॉइलवर शिक्का आणि सही. तो कागद हातात आला की पुढची जबाबदारी बँकेची. बनावट नोट सापडली तर ती जप्त करून तिची पावती देण्याचा नियम आहे. ग्राहकाला मशीनकडे पाठवताना ही सगळी जबाबदारीसुद्धा बरोबर जायला हवी होती. ती मागेच राहिली.

मशीनच्या आत काय होतं तेही सांगते, कारण अडचण नेमकी तिथे आहे. आपण नोटांची चळत ठेवतो, झाकण बंद होतं, मशीन नोटा मोजतं आणि त्या आत एका तात्पुरत्या जागी धरून ठेवतं. स्क्रीनवर हिशेब दिसतो. आपण बटण दाबून होकार दिला की नोटा आतल्या पेट्यांमध्ये जातात आणि रक्कम खात्यात जमा होते. या दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणी वीज गेली किंवा लिंक तुटली, तर पैसे आपल्या हातात नाहीत, खात्यात नाहीत आणि आपल्याकडे कागदाचा कपटाही नाही. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट दिवसातून कितीदा जाते ते इथल्या लोकांना सांगायला नको.

आमच्याकडे रोज दूध घालणाऱ्या काकांचं असंच झालं. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची फी भरायची म्हणून खात्यात पैसे भरायला गेले होते. झाकण बंद झालं आणि लाइट गेली. मशीन पुन्हा सुरू झालं ते सरळ पहिल्या स्क्रीनवर. शाखेत विचारलं तर, मशीनचं काम वेगळ्या कंपनीकडे आहे, टोल फ्रीवर फोन करा. टोल फ्रीवर विचारलं तर, व्यवहार क्रमांक सांगा. पावतीच नाही तर क्रमांक आणायचा कुठून? शेवटी पैसे मिळाले, पूर्ण मिळाले. पण तोवर तिसरा आठवडा उजाडला होता आणि फीसाठी काकांनी व्याजाने पैसे उचलले होते. ते व्याज त्यांना कोणी दिलं नाही. हेच पैसे काढताना अडकले असते तर सहाव्या दिवसापासून रोजचे १०० रुपये त्यांच्या हक्काचे होते.

कोणी म्हणेल, भरणा अडकला तर मशीनमधली रोकड मोजून ताळा करावा लागतो, वेळ लागणारच. मान्य. पण काढतानाही तोच ताळा करावा लागतो, आणि तिथे पाच दिवस पुरतात. मशीनमध्ये प्रत्येक व्यवहाराची नोंद राहते, वर कॅमेरा असतो, जादा निघालेली रोकड समोर दिसते. जून २०२१मध्ये चेन्नईत स्टेट बँकेच्या, पैसे भरताही येतात आणि काढताही येतात अशा मशीनमधून चोरट्यांनी झाकण अडवून पैसे काढले होते. नोटा उचलल्याच नाहीत असं मशीनला वाटायचं आणि खात्यातून रक्कम वजा होत नसे. ते उघडकीला आल्यावर बँकेने त्या मशीनमधून पैसे काढणं लगेच थांबवलं. बँकेचं नुकसान होतं तेव्हा हालचाल होऊ शकते. मग काकांच्या वेळी का नाही?

आता तर हे आणखी वाढणार आहे. ऑगस्ट २०२४मध्ये मुंबईत यूपीआय वापरून रोख भरण्याची सोय सुरू झाली. कार्ड लागत नाही, दुसऱ्या बँकेच्या मशीनमधूनही आपल्या खात्यात भरता येतं. सोय चांगलीच आहे. पण मशीन एका बँकेचं, खातं दुसऱ्या बँकेचं, मशीनची देखभाल तिसऱ्याकडे. पैसे अडकले तर या तिघांपैकी कोणाच्या दारात उभं राहायचं हे गावातल्या माणसाला एका वाक्यात कळायला हवं.

आणि काउंटर बंद करू नका. आमच्या इथलं मशीन १००, २०० आणि ५०० च्याच नोटा घेतं. भाजीवाल्या मावशींचा दिवसाचा गल्ला दहा-वीसच्या नोटांचा असतो, त्यातल्या निम्म्या मळलेल्या आणि दुमडलेल्या. त्यांना मशीनकडे पाठवणं म्हणजे परत पाठवणं. लहान नोटा आणि नाणी घ्यायला कोणत्याही शाखेने नकार द्यायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट आदेश आहे. एप्रिल २०२५मध्ये एटीएममधून १०० किंवा २०० च्या नोटा मिळायला हव्यात म्हणून बँकांना मुदत घालून दिली, ते मला फार आवडलं. तेवढीच काळजी भरणाऱ्याचीही घ्या. शिवाय काही खासगी बँका संध्याकाळनंतर आणि सुट्टीच्या दिवशी मशीनमध्ये भरणा केला तर ५० रुपये कापतात. मोजणी मशीनने केली, भरायचं काम आम्ही केलं, वर पैसेही आम्हीच द्यायचे हे मला पटत नाही.

मला काय हवं ते थोडक्यात सांगते. पावतीचा कागद संपला असेल तर मशीनने नोटा घेऊच नयेत. पावतीवर कोणत्या किती नोटा ते छापलेलं असावं. मशीनवर शाखेतल्या जबाबदार माणसाचा फोन नंबर असावा. आणि पाच दिवस, त्यानंतर रोज १०० रुपये हा नियम भरण्यालाही लागू व्हावा.

तोवर कोणाचे पैसे अडकलेच तर जागेवरून हलू नका. स्क्रीनचा आणि मशीनवरच्या क्रमांकाचा फोटो काढा, वेळ लिहून ठेवा, त्याच दिवशी शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या, आणि त्या वेळेचं कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा असं त्या अर्जातच लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी लागत नाही, वकील लागत नाही. कार्डाशिवाय खाते क्रमांक टाकून भरत असाल तर स्क्रीनवर येणारं नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शाखेत दर महिन्याला ग्राहकांबरोबर बैठक व्हायला हवी असा नियम आहे. या महिन्याच्या बैठकीत मी वरच्या चारही गोष्टी लेखी देणार आहे. अर्ज तयार करून दुकानात ठेवलाय. बाजारपेठेतल्या दुकानदारांनी, बचत गटाच्या खजिनदार ताईंनी, दूध घालणाऱ्यांनी येऊन सही करा. सोमवारी आम्ही बंद असतो, बाकी रोज रात्री नऊपर्यंत या.