जे कधी जात नाही

गाडीच्या काही भागांना बिघडायची परवानगी असते. क्लच प्लेट जाते, ब्रेक लायनर झिजतात, फॅन बेल्ट तुटतो, सेल्फ तर दर पावसाळ्यात रुसतो. हे गेले तर कुणी सुतक पाळत नाही. फोंड्यातल्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवरचा मुलगा मागे न बघता हात घालून ते काढून देतो. इनटेक मॅनिफोल्ड त्या जातीतला नव्हे. तो फिरत नाही, सरकत नाही, झिजत नाही. अॅल्युमिनियमचं ओतीव, पोकळ धूड. एका तोंडाने हवा घ्यायची आणि चार फाट्यांतून चार सिलिंडरांना वाटायची, एवढाच त्याचा उद्योग. एकत्र कुटुंबात सोप्यावर नुसते बसून असलेले थोरले काका असतात, तसा. ते करतात काय हे कुणाला सांगता येत नाही, पण ते नसले की घरात एकही काम धड होत नाही.

आमच्या पिकअपचा तो फुटला. वेळही अशी साधली की गणपतीची चवथ तोंडावर, कुळागरात, म्हणजे आमच्या बागेत, केळ्यांचे घड तयार, नारळ उतरवून झालेले, आणि माशेलपासून म्हापशापर्यंतचे गिऱ्हाईक गणपतीवर फळं टांगून बांधतात त्या माटोळीच्या सामानासाठी फोनवर फोन करतंय. कुंडईच्या चढावर गाडी आधी शीळ घालायला लागली. सुरुवातीला बरं वाटलं, म्हटलं म्हातारीला आनंद झाला असेल. मग ओढ गेली. अॅक्सिलरेटर दाबावा तितका मागून काळा धूर, आणि पुढे आमची प्रगती पायी चालणाऱ्या माणसाच्या बरोबरीने. तो माणूस खरोखरच शेजारून चालत होता. खिडकीत डोकावून म्हणाला, "डिझेल फिल्टर."

गोव्यात बंद पडलेली गाडी आणि पिकलेला फणस फार वेळ एकटे राहत नाहीत. एका स्कूटरवाल्याने टर्बो गेल्याचं जाहीर केलं. मासळीच्या टेम्पोवाल्याने क्लच प्लेट. बसथांब्यावरच्या एका आजोबांनी डिझेलमध्ये पाणी असल्याचा निकाल दिला आणि पंपावाल्याच्या घराण्याबद्दल तपशीलवार माहिती पुरवली. घरी पोचलो तर आईने काहीही न विचारता मिरच्या-मीठ ओवाळून टाकलं. त्यातल्या त्यात आईचंच निदान स्वस्त होतं.

आमच्या मिस्त्रीने मात्र कुणाचंच ऐकलं नाही. त्याने भांडी घासायच्या साबणाचं पाणी मागवलं, ते मॅनिफोल्डवर ओतलं आणि पोराला रेस द्यायला सांगितली. खालच्या अंगाला, तिसऱ्या फाट्याच्या बेचक्यात, बुडबुड्यांची रांग उठली. आळीतली मुलं टाळ्या वाजवायला लागली.

"पळयलें पात्रांव? वारें भायर वता." बघितलंत मालक, वारा बाहेर जातोय.

प्रकार असा की टर्बो हवा दाबून पाठवतो, ती फटीतून निसटते, इंजिनाला डिझेल पुरेसं आणि हवा अपुरी मिळते. मग ते डिझेल अर्धवट जळतं आणि काळा धूर होऊन बाहेर पडतं. शीळ ही निसटत्या हवेची. म्हणजे इतके दिवस मी डिझेलचे पैसे मोजत होतो ते कुंडईच्या आसमंताला काजळ घालण्यासाठी.

मग नवा मॅनिफोल्ड शोधायला निघालो, आणि इथे खरी गंमत कळली. जी वस्तू कधी बिघडत नाही ती कुठलाही दुकानदार ठेवत नाही. फोंड्यात नाही. मडगावात नाही, पण तिथे एका दुकानात मॅनिफोल्ड सोडून त्याच्या आजूबाजूचं सगळं होतं: पॅकिंग होतं, बोल्ट होते, होजचे क्लॅम्प होते. दुसऱ्याने मान हलवून म्हटलं, "आसा, पूण ना." आहे, पण नाही. हे उत्तर मी गाडीत बसून बराच वेळ चघळलं. पुढे कळलं की वस्तू गोदामात आहे, गोदामाची चावी भावाकडे आहे आणि भाऊ दुबईला आहे. बाकीच्यांकडे पोचेपर्यंत दुपारचा १ वाजलेला असायचा, आणि १ वाजता गोव्यात शटर खाली येतं ते येतंच. त्यापुढे माणसाने जेवावं आणि पडावं. या प्रथेला बाहेरचे लोक आळस म्हणतात. मी तिचा कट्टर समर्थक आहे, फक्त त्या आठवड्यात नव्हतो.

"आर्गन मारून पळोवया," मिस्त्री म्हणाला. अॅल्युमिनियम साध्या वेल्डिंगला जुमानत नाही, त्याला आर्गन वायूचं वेल्डिंगच लागतं. पण जुनं ओतकाम वर्षानुवर्षं तेल पिऊन बसलेलं असतं. ज्योत लागली की ते सगळं तेल वर येतं आणि टाका धरत नाही. आमचा टाका धरला. फट तिथून उठली आणि शेजारी जाऊन बसली.

शेवटी बेळगावला, भंगारात निघालेल्या तशाच एका पिकअपचा मॅनिफोल्ड सापडला. बसच्या ड्रायव्हरकडे पार्सल दिल्याचा निरोप आला. त्या दिवशी चोर्ला घाटात झाड आडवं पडलं. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, त्यातला बराचसा मी डिचोलीच्या बसस्टँडवर उभा असताना पडला. रात्री बस आली. मॅनिफोल्ड कांद्याच्या पोत्यात गुंडाळलेला होता आणि वासावरून कांदेही नुकतेच काढलेले होते.

आत बघितलं तर दिसेना काही. या इंजिनांत ईजीआर नावाची सोय असते: नायट्रोजनची ऑक्साइडं कमी व्हावीत म्हणून थोडा एक्झॉस्टचा धूर परत आत सोडतात. हेतू थोर आहे. पण त्या धुराची काजळी आणि इंजिनाच्या तळातल्या क्रॅंककेसमधून येणारी तेलाची वाफ यांचं मॅनिफोल्डमध्ये लग्न लागतं आणि संतती म्हणून काळा, चिकट थर वाढत जातो. बेळगावच्या त्या चार भोकांतून माझं बोट जेमतेम जात होतं. रॉकेल, डिझेल, तारेचा ब्रश, नारळाचं सोडण, सगळं वापरून मागच्या अंगणात तो घासला. बायको दारात उभी राहून म्हणाली, "पितळेची समई काढून ठेवलीय. तीही अशीच मन लावून घासाल ना?"

जुना काढताना बोल्टांनी आपापला स्वभाव दाखवला. वरचे सभ्य होते. खालच्या ओळीतला एक असा की तो डोळ्यांना दिसतच नाही, नुसता बोटाला लागतो. १३ चा पाना तिथे बसतो पण फिरत नाही, आणि फिरेल असा पाना बसत नाही. मिस्त्रीच्या हाताखालच्या सडसडीत पोराने बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरून, गाल रेडिएटरला लावून, तो पाव-पाव आटा सोडवला. दुसरा बोल्ट सुटलाच नाही, मोडला. समुद्राकाठच्या हवेत गाडी ठेवणाऱ्याला हा आवाज ओळखीचा आहे: 'टक्'. आणि मग सगळे गप्प. उरलेला तुकडा ड्रिल करून काढण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली, तिच्याबद्दल न लिहिलेलं बरं.

सिलिंडरांची उघडी तोंडं मिस्त्रीने फडक्याने बुजवली होती. नट तेवढ्यात कुणाच्या तरी खिशातून पडला आणि फडक्यावरच थांबला. ते फडकं मी जपून ठेवलंय.

बसवताना बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूंना कसत जायचे, नाहीतर पॅकिंग वाकडं बसतं. आठ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर जोर पुरतो. मिस्त्रीकडे जोर मोजणारा पाना नव्हता. त्याचा डावा गाल थरथरला की बोल्ट बरोबर कसला गेला, अशी तिथली पद्धत आहे, आणि साबणाचं पाणी ओतल्यावर एकही बुडबुडा आला नाही.

शीळ थांबली. त्याबरोबर शिळेखाली लपलेले दाराचे, फाळक्याचे आणि शॉकअपचे आवाज एकेक ऐकू यायला लागले. केळी वेळेवर पोचली. माटोळी बांधताना भटजींनी माझी काळी नखं बघून आंबाडे दुसऱ्याच्या हातात दिले.

चवथ झाल्यावर सावंतवाडीहून एक माणूस तसल्याच पिकअपच्या मॅनिफोल्डच्या शोधात दारात आला. फुटका मॅनिफोल्ड माझ्याकडे आहे हे त्याला बेळगावहून कळलं होतं. विहिरीच्या कठड्यावर ठेवलेलं ते धूड त्याने उचललं, आकाशाकडे धरून फटीतून उजेड बघितला आणि किंमत विचारली. मी म्हटलं, "अहो, फुटलाय तो. दोन ठिकाणी."

"असूं दे हो. मिळता खंय?" म्हणाला, आणि त्याने पैसे मोजले. आर्गनवाल्याचा पत्ता सांगायला लागलो तर तो त्याला आधीच ठाऊक होता.