खळ्यात लागला सिनेमा

वेंगुर्ल्याच्या आमच्या होमस्टेत चार खोल्या, दोन गिझर आणि एक समुद्र आहे. समुद्र आमचा नाही, पण जाहिरातीत तो सगळेच आपला म्हणतात. मग आपण वेगळं काय द्यायचं? पुतण्या म्हणाला, "काका, रात्री घरापुढच्या खळ्यात सिनेमा दाखवूया." हिने विचारलं, "सिनेमा बघायला एवढ्या लांब कोण येईल?" तोवर मी प्रोजेक्टर मागवून मोकळा झालो होतो.

खोक्यावर उजेडाचं माप 9,000 ल्युमेन छापलं होतं. म्हणजे किती, ते मला ठाऊक नव्हतं. आकडा दांडगा होता, एवढं पुरलं. ठाण्याहून आलेल्या पहिल्याच कुटुंबातल्या इंजिनियरिंगच्या मुलाने खोका उलटसुलट करून पाहिला. "अंकल, यात एएनएसआय ल्युमेन, म्हणजे प्रमाणित पद्धतीने मोजलेला उजेड, दिलेलाच नाही. खरा उजेड शे-दीडशेचा असेल." लग्न लागल्यावर पत्रिका बघितल्यासारखं झालं. म्हणजे आता मिट्ट काळोख हवा. मे महिन्यात आमच्याकडे सूर्य सातच्या सुमाराला बुडतो, पण उजेड पुढे अर्धा-पाऊण तास रेंगाळतो. शिवाय मधे सुरमईचं जेवण, आणि दहानंतर स्पीकर वाजवायचा नाही. सगळा हिशेब मांडला, तर शेवट कुणालाच दिसणार नव्हता.

पडदा म्हणजे डबल बेडची पांढरी चादर. दोन माडांना सुंभाने बांधली, खाली वजनाला चार नारळ. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे घोकले होते, त्यांचा उपयोग पन्नाशीत कळला. सुरुवातीला समुद्राकडून वारा होता, त्यामुळे नायकाचं पोट पुढे. जेवणं आटपेपर्यंत तो पडला, मग जमिनीकडून सुटला आणि त्याच नायकाचं पोट पाठीला लागलं. "मधल्या वेळात पथ्य केलेलं दिसतंय," ठाण्याच्या आजी म्हणाल्या.

झोतात पाखरं जमली, पाखरांमागे पाल आली आणि थेट नायिकेच्या नाकावर बसली. नायिका मघापासून रडत होती. आता त्याला कारण तरी दिसलं. डासांसाठी हिने नारळाची सोडणं पेटवली, तर अर्धा सिनेमा धुरातच दिसायला लागला. माडाखाली खुर्च्या मांडू नयेत, हे कोकणातल्या पोरालाही सांगावं लागत नाही. मी मांडल्या होत्या. मागच्या रिकाम्या रांगेत धप्पकन माडाचं एक झाप पडलं, तशी सगळी मंडळी खुर्च्या उचलून पडवीत शिरली. उघड्यावरचा सिनेमा आता घरात बसून चालू होता.

आणि स्पीकरचं चार्जिंग संपलं. 1913 सालचा फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुका होता खरा, पण त्यात मधे मधे वाचायला पाट्या तरी होत्या.

कुंपणापलीकडून शेजारचे आबा आले. "आवाज खय गेलो?"

"चार्जिंग संपलं, आबा."

"मगे मी कित्याक आसंय?"

आबांनी उमेदीची सगळी वर्षं दशावतारात राणीची भूमिका केलेली. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, आयत्या वेळी रचायचे असतात. पडद्यावर परदेशातला कुणी गुप्तहेर मोटारीतून उतरत होता. आबा चादरीशेजारी उभे राहिले आणि नायिकेच्या नाजूक आवाजात गरजले, "थांबा! मध्यरात्री अबला नारीच्या महालाशी येण्याचं प्रयोजन काय?" गुप्तहेर नुसताच सिगारेट ओढत राहिला, म्हणून त्याचं उत्तरही आबांनीच दिलं. खलनायकाचा संकासूर राक्षस झाला. पोरं पोट धरून हसत होती, आजींनी मात्र मनापासून हात जोडले.

दहा वाजून गेले. स्पीकर बंदच होता, आणि आबांना कुठलाच नियम लागू होत नव्हता. दशावतार पहाटेपर्यंत चालतो. सिनेमा संपला, आबा संपेनात. नावांच्या पाट्या वर सरकायला लागल्या, तसं त्यांनी एकेकाला आयुष्मान भव म्हणून वाटेला लावलं.

पुढच्या आठवड्यात फोन आला. "ते आबा असलेलं पॅकेज कितीला पडतं?"

मी कुंपणाशी जाऊन विचारलं. आबांनी बराच विचार केला.

"माका पैशे नको. फकत त्या पालीक सांग, राणीच्या नाकार बसा नको."